खेळाच्या मेजावरील बहुमजली इमारत
(प्राथमिक शिक्षकांच्या मेळाव्यातील भाषण)



दिवाळी आली की महाराष्ट्रातील मुले अंगणात किल्ला उभारतात. दगडविटांवर चिखलात बुडविलेले गोणपाट पसरायचे, त्यावर अळीव किंवा मोहरी पेरायची, बुरूज रचायचे आणि कुंभाराकडून आणलेले मावळे जागोजाग उभे करायचे, हा क्रम कोणालाही शिकवावा लागत नाही. मात्र हा किल्ला पाहण्याचा असतो. मावळा एकदा बुरुजावर चढला की सण संपेपर्यंत तेथून हलत नाही.

युरोपात याच हौसेला निराळे वळण मिळाले. प्रशियात राइसविट्झ या गृहस्थांनी १८१२ साली राजापुढे एक मेज मांडले. त्यावर जमिनीचे उंचसखल तुकडे हवे तसे जुळवून युद्धाचा डाव खेळता येई. त्यांच्या मुलाने १८२४ मध्ये त्या खेळाचे नियम सिद्ध केले आणि सैन्यातील अधिकारी त्यावर शिक्षण घेऊ लागले. इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली खेळण्यातल्या शिपायांच्या लढाईवर एक पुस्तकच लिहिले. खऱ्या युद्धापेक्षा हे खोटे युद्ध कितीतरी शहाणपणाचे, असे त्यांचे म्हणणे होते. पुढच्याच वर्षी खरे महायुद्ध पेटले! आज हा खेळ अनेक देशांत खेळला जातो. त्यातील पुतळे नियमाने जागा बदलतात, भिंतीआड लपतात, माडीवर चढतात. त्यामुळे तेथील घरांना खरे मजले असावे लागतात, आणि अशी घरे बहुधा फोमबोर्डाची करतात.

फोमबोर्ड म्हणजे दोन कागदांमध्ये हलक्या फेसाचा थर असलेला तक्ता. तो साधारणतः ५ मिलिमीटर जाडीचा मिळतो. दुकानदार सनबोर्ड म्हणून देतात ती वस्तू वेगळी. ते प्लास्टिकच होय, व त्याला सोलून काढण्याजोगा कागद नसतो. तथापि शाळेने विकत आणण्याची घाई करू नये. २०१८ साली महाराष्ट्र शासनाने थर्माकोलच्या ताटपेल्यांवर आणि सजावटीवर निर्बंध घातले, त्यामागचे कारण सर्वांना ठाऊक आहे. फोमबोर्डाचा गाभाही त्याच जातीचा असतो. किराणा दुकानातील जाड खोक्याचा पुठ्ठा जवळजवळ तेच काम करतो, आणि फुकट मिळतो. पुढील मापे दोहोंना लागू आहेत. पुठ्ठ्याची जाडी मात्र अगोदर मोजून घ्यावी.

खरी परीक्षा मापांचीच आहे. या खेळातील पुतळा तळव्यापासून डोळ्यांपर्यंत सुमारे २८ मिलिमीटर उंच असतो, म्हणजे प्रमाण अदमासे साठास एक पडते. या हिशेबाने बाहेरून १५ सेंटीमीटर लांब व १० सेंटीमीटर रुंद इमारत म्हणजे ९ मीटर बाय ६ मीटरचे घर झाले. आता भिंती कापायच्या. लांब भिंती १५ सेंटीमीटरच्या घेतल्या तर आखूड भिंती किती? वर्गातील बहुतेक मुले १० सांगतील, आणि जोडताना घर १ सेंटीमीटरने फुगेल. भिंतीची जाडी अर्धा सेंटीमीटर. दोन्ही बाजूंची मिळून एक. तेव्हा आखूड भिंत ९ सेंटीमीटरचीच हवी. आतली जमीन १४ बाय ९, म्हणजे १२६ चौरस सेंटीमीटर उरते, बाहेरचे क्षेत्रफळ १५० असते. हा फरक फळ्यावर समजावून जितका पटत नाही तितका चुकलेल्या भिंतीमुळे पटतो. म्हणून एखादी भिंत मुलाला चुकवू द्यावी. पुठ्ठा काही सोन्याचा नसतो.

दार आखताना दुसरी अडचण उभी राहते. खरे दार २ मीटर १० सेंटीमीटर उंच, ९० सेंटीमीटर रुंद. साठाने भागले तर साडेतीन सेंटीमीटर उंची व दीड सेंटीमीटर रुंदी येते. पण पुतळा उभा असतो २५ मिलिमीटर व्यासाच्या चकतीवर. ती चकती दीड सेंटीमीटरच्या दारातून जाणार कशी? म्हणून दार ३ सेंटीमीटर रुंद व ४ सेंटीमीटर उंच ठेवावे लागते. रुंदी प्रमाणाच्या दुप्पट झाली तरी डोळ्याला ती खटकत नाही. खिडकीची कड जमिनीपासून २ सेंटीमीटरवर असावी, म्हणजे पुतळ्याची छाती झाकली जाते आणि डोळे बाहेर पाहू शकतात. कोणाला कोण दिसतो हा वाद या खेळात नित्य होतो. तो मिटवायला एका पुतळ्याच्या डोळ्यापासून दुसऱ्यापर्यंत दोरा ताणतात. सरळ रेषेचा इतका चोख उपयोग भूमितीच्या तासालाही क्वचितच होत असेल.

जिना प्रमाणात करू गेल्यास पायरी ३ मिलिमीटर उंच व ४ मिलिमीटर रुंद होते. तीवर पुतळा उभा राहत नाही, आणि जिना निम्मी खोली खाऊन टाकतो. त्यापेक्षा भिंतीला शिडी लावावी व वरच्या जमिनीत ३ सेंटीमीटरचे चौरस तोंड ठेवावे.

आता मजल्यांविषयी. उत्साही माणूस तिन्ही मजले एकदम डकवून टाकतो आणि मग खालच्या खोलीत हात जात नाही. अशी इमारत कपाटावर ठेवण्यास व तपासणीच्या दिवशी दाखविण्यास उत्तम. मुलांना तिचा काही उपयोग नाही. प्रत्येक मजला सुटा उचलता आला पाहिजे. त्यासाठी १५ बाय १० ची जमीन घ्यावी व तिच्यावर साडेसात सेंटीमीटर उंचीच्या चार भिंती उभ्या कराव्यात. हा एक मजला ८ सेंटीमीटरचा झाला. असे तीन मिळून २४. वरच्या मजल्याच्या जमिनीखाली मधोमध १३.८ बाय ८.८ सेंटीमीटरचा तुकडा चिकटवावा. तो खालच्या खोलीत अलगद उतरतो, डब्याचे झाकण बसावे तसा मजला बसतो व सरकत नाही. चारी बाजूंची ती १ मिलिमीटरची मोकळीक विसरली तर मजला अडकून बसतो. छताचेही असेच करावे. खोलीची आतील उंची ७ सेंटीमीटर, म्हणजे प्रमाणाने ४ मीटरहून अधिक भरते. ही उंची पुतळ्यासाठी नसून मुलांच्या बोटांसाठी आहे.

कापण्याचे तंत्र थोडक्यात असे. पाते नवे असावे, कारण बोथट पात्याने फेस फाटतो. पट्टी लोखंडी घ्यावी. एकाच दमात कापू नये. पहिल्या फेरीत वरचा कागद, दुसरीत गाभा, तिसरीत खालचा कागद. दारेखिडक्या भिंती उभ्या करण्यापूर्वीच कापाव्यात. जोडण्यास पांढरा डिंक वापरावा व वाळेपर्यंत टाचण्या टोचून ठेवाव्यात. रबरी द्रावणाचा डिंक आणि फवाऱ्याचा रंग उघड्या फेसाला विरघळवून टाकतात. तारेने किंवा मेणबत्तीने फेस वितळवून कापण्याचा प्रकार वर्गात मुळीच करू नये, कारण तो धूर मुलांच्या छातीस घातक असतो. भिंतीच्या एकाच बाजूस रंग दिला तर ती वाकते, तेव्हा दोन्ही बाजू रंगवाव्यात. विटा दाखवायच्या तर बाहेरचा कागद सोलून कोऱ्या रिफिलीने फेसावर रेघा दाबाव्यात. पुठ्ठ्याच्या घराला अंड्यांच्या ट्रेचे तुकडे दगडांसारखे चिकटवता येतात. सर्वांत खालच्या जमिनीखाली वाळू भरलेली चपटी पेटी असावी, नाहीतर पंख्याच्या वाऱ्याने तिन्ही मजले कोसळतात.

राहिला प्रश्न पात्याचा. येथे दोन चुका होतात. काही शिक्षक पाते मुलांच्या हाती देऊन दुसऱ्या वर्गाकडे वळतात. काही भीतीने रात्री घरी बसून सारे स्वतःच कापतात. दुसऱ्या प्रकारात घर देखणे होते, परंतु ते शिक्षकाचे होते. दोनशिक्षकी शाळेत लक्ष ठेवणे अवघड असते हे खरेच. अशा ठिकाणी आखणी, मोजणी, जोडणी, रंग हे सर्व मुलांचे, आणि कापणे तेवढे शिक्षकाचे, तेही मुलांनी आखलेल्या रेषेवर. रेष तिरपी असेल तर तिरपीच कापावी. जोडताना फट पडली की आखणाऱ्यास ती आपोआप दिसते, आणि तो पट्टी घेऊन परत येतो. तुटलेली पाती कागदात गुंडाळून झाकणाच्या डब्यात ठेवावीत. दिवसाच्या शेवटी ती व वापरातील पाती मोजून घेतल्याखेरीज वर्गाला सुट्टी देऊ नये.