उलटेसुलटे पत्ते



‘हा नेटवर्कमध्ये आहे’ अशी माझी ओळख झाल्यावर मागच्या बाकावरून ‘म्हणजे वायफाय बसवतो’ असा आवाज आला. नाही बाबा, मी सी भाषेत सर्व्हरचे प्रोग्राम लिहितो. त्यातलं थोडं सांगतो.

नेटवर्कवरचा पत्ता चार आकड्यांचा, प्रत्येक आकडा ० ते २५५. त्यांतले काही पत्ते खास. १२७.०.०.१ म्हणजे ‘मी स्वतः’. तिथे पाठवलेला निरोप यंत्राबाहेर जातच नाही. सर्व्हर ०.०.०.० वर बसवला, तर यंत्राच्या सगळ्या जोडण्यांवरून लोक येऊ शकतात. स्वतःपुरता डेटाबेस कुणी बिनपासवर्डाचा असा बसवला, की घराचं दार सताड उघडं. आणि २५५.२५५.२५५.२५५ म्हणजे आपल्या जोडणीवरच्या सर्वांना एकदम हाक, प्रार्थनेच्या घंटेसारखी.

गोम पुढे आहे. लिहिलेला पत्ता यंत्राच्या आकड्यात बदलायला ‘आयनेट_अ‍ॅडर’ हे जुनं फंक्शन आहे. पत्ता चुकीचा असेल तर ते उणे एक परत देतं. पण ३२ बिटांत उणे एक म्हणजे सगळ्या बिटा १, म्हणजेच २५५.२५५.२५५.२५५! गैरहजर मुलापुढे शंभर गुण लिहायची पद्धत असती, तर खरोखर शंभर मिळवणारीचं बाईंनी काय केलं असतं? तपासणी ठेवली तर खरा पत्ता नाकारला जातो. नाही ठेवली तर टायपिंगची चूक सर्वांना हाक मारायला निघते. (त्यासाठी प्रोग्रामला वेगळी परवानगी मागावी लागते, एवढंच नशीब.) शिवाय ०१०.०.०.१ लिहिलं, तर पुढचं शून्य पाहून ते अष्टमान धरतं आणि ८.०.०.१ वर नेऊन सोडतं!

म्हणून नव्या मुलांना मी ‘आयनेट_पीटॉन’ वापरायला लावतो. ते पत्ता एका जागी ठेवतं आणि निकाल वेगळा सांगतं: १ म्हणजे जमलं, ० म्हणजे पत्ता चुकीचा.

तरी एक खोडी उरतेच. सीमध्ये या खास पत्त्यांना तयार नावं आहेत, पण वापरताना त्यांचे बाइट नेटवर्कच्या क्रमाने लावावे लागतात. ०.०.०.० म्हणजे ‘चिमा काय कामाची’, उलटं वाचा, तेच! त्यामुळे क्रम लावायचा राहिला तरी निभतं आणि मुलांना वाटतं, याची गरजच नाही. मग १२७.०.०.१ ची पाळी येते. इंटेलच्या यंत्रावर त्याचं १.०.०.१२७ होतं आणि ‘हा पत्ता माझा नाही’ म्हणून सर्व्हर सुरूच होत नाही.