तेलाचा डबा आणि आकाशांतील साक्षीदार



महोत्सव हा जसा उपकारस्मरणाचा, तसाच आत्मपरीक्षणाचाही समय होय. आपल्या हातून शेजाऱ्यास कांहीं उपद्रव झाला काय, हें आपण पापनिवेदनापूर्वीं मनास विचारतों. परंतु जो शेजारी समुद्रापलीकडे राहतो, त्याचा हिशेब कोणीं ठेवावा? पामतेलासारख्या नित्याच्या वस्तूच्या योगें हा प्रश्न आम्ही आज आपणांपुढें मांडूं इच्छितों.

पामतेल आयात करण्यांत आपला देश जगांत अग्रेसर आहे. त्यांतील बहुतेक तेल इंडोनेशिया व मलेशिया येथून येतें, आणि बिस्किटें, फरसाण, साबण अशा रूपांनीं घरोघरीं पोहोंचतें. या पिकासाठीं सुमात्रा व बोर्निओ बेटांवरील पुष्कळ अरण्यें तोडलीं गेलीं. तेथें कुजलेल्या पाल्याची खोल, दलदलीची जमीन आहे. तिच्यांतील पाणी काढून टाकलें कीं ती सहज पेट घेते. सन २०१५ च्या वणव्यांत इंडोनेशियांत सुमारें २६ लाख हेक्टर भूमि होरपळली.

हें कळतें कसें? कृत्रिम उपग्रहांमुळें. सन १९७२ मध्यें अमेरिकेनें लँडसॅट मालिकेंतील पहिला उपग्रह सोडला. सन १९८८ मध्यें आपल्या देशाचा आयआरएस-१ए आकाशांत गेला. सन २०१५ मध्यें युरोपानें सोडलेल्या सेंटिनेल-२ च्या चित्रांत दहा मीटर लांबीरुंदीचा तुकडाही वेगळा दिसतो. हिरवें पान डोळ्यांस न दिसणारे अवरक्त किरण मोठ्या प्रमाणांत परावर्तित करितें. झाडें तुटलीं कीं तें तेज मंदावतें. ढगांआडचें पाहण्यास रडारचे उपग्रह आहेत. जुनें चित्र नव्याशेजारीं ठेविलें असतां रान कोणत्या वर्षीं गेलें तें उमगतें.

तथापि उपग्रहास रान दिसतें, आपला डबा दिसत नाहीं. या दोहोंस जोडणारा दुवा म्हणजे तेलाची गिरणी. पामचीं फळें तोडल्यावर साधारणतः एका दिवसांत गिरणींत न्यावीं लागतात, नाहींतर तेल बिघडतें. म्हणून गिरणीचे मळे तिच्या आसपासच असतात. व्यापाऱ्यानें गिरणीचें नांव सांगितलें, तर तिच्या सभोंवारच्या रानाचीं चित्रें तपासतां येतात. नांव झांकलें, तर साक्षीदार असूनही साक्ष निरुपयोगी ठरते.

येथें घाईचा निवाडाही नको. तितक्याच जमिनींत पामवृक्ष इतर तेलबियांहून कित्येक पट अधिक तेल देतो. तें तेल सर्वांनीं वर्ज्य केल्यास दुसऱ्या पिकांस अधिक भूमि लागेल. शिवाय इंडोनेशियांतील पामच्या लागवडीपैकीं सुमारें ४० टक्के लहान शेतकऱ्यांच्या हातीं आहे. चित्रांत तोडलेलें रान दिसतें, तोडणाऱ्याचें दारिद्र्य दिसत नाहीं. गरिबाच्या पोटावर पाय देऊन केलेल्या सृष्टिरक्षणास ख्रिस्ती कसें म्हणावें?

पोप फ्रान्सिस यांनीं सन २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकांत सृष्टीचें दुःख व दीनांचें दुःख वेगळें मानूं नये, आणि खरेदी हीही सदसद्विवेकाची बाब समजावी, अशी शिकवण दिली आहे. म्हणून आमची विनंती एवढीच कीं, सणासमारंभांच्या भोजनासाठीं तेलाचे डबे घेतांना धर्मग्रामाच्या समितीनें व्यापाऱ्यास लेखी विचारावें: हें तेल कोणत्या गिरणीचें? एका धर्मग्रामाचा प्रश्न लहान खरा; परंतु शेंकडों ठिकाणांहून तोच प्रश्न गेला, तर उत्तर देणें भाग पडेल. तो विचारण्याचें धैर्य परमेश्वर आपणां सर्वांस देवो.