पर्जन्यमापकाची हाक : मायक्रोकंट्रोलरमधील पिन-इंटरप्ट
(शेतकरी मेळाव्यातील व्याख्यान)



द्राक्षबागेत रात्री किती पाऊस झाला यावर सकाळी केवड्याची फवारणी घ्यायची की नाही हे ठरते. आपल्यापैकी काहींच्या घरची मुले अर्डुइनो उनो बोर्ड आणून पर्जन्यमापक स्वतः जोडू लागली आहेत. हे चांगलेच आहे. परंतु आकडा चुकला तर औषध वाया जाते किंवा गरजेची फवारणी राहून जाते. आणि चूक पुष्कळदा भांड्यात नसते, प्रोग्रॅममध्ये असते.

टिपिंग बकेट मापकात तराजूसारखी दोन लहान पात्रे असतात. एक भरले की कलंडते, पाणी सांडते व दुसरे नळीखाली येते. कलंडताना लोहचुंबक रीड स्विचजवळून जाते व स्विच क्षणभर मिटतो. पुष्कळ मापकांत एकदा कलंडणे म्हणजे ०.२ मि.मी. पाऊस. स्विच मिटलेला राहतो तो सेकंदाच्या जेमतेम दहाव्या भागाइतका.

नवखा मुलगा काय करतो? पिन वाचतो, ‘डिले’ देऊन दहा सेकंद थांबतो, पुन्हा वाचतो. तासाला ६० मि.मी. वेगाचा वळीव असेल तर पात्र तासात ३०० वेळा, म्हणजे दर १२ सेकंदांनी कलंडते. दहा सेकंदांतून एकदा डोकावणाऱ्याला ती टिचकी सापडणे हा निव्वळ योगायोग. डिले काढला तरी मोबाईलवर संदेश पाठविणे, कार्डावर नोंद लिहिणे यांत वेळ जातोच.

खुरपणी करताना बांधावरून हाक आली की आपण जिथे होतो तिथे खुरपे रोवतो, काम उरकून येतो आणि त्याच रोपापासून पुढे लागतो. इंटरप्ट म्हणजे हीच हाक. ठरविलेल्या पिनवरील विद्युतदाब बदलला की मायक्रोकंट्रोलर हातातली सूचना पुरी करतो, आपली जागा स्टॅकमध्ये नोंदवितो, नेमून दिलेले छोटे फंक्शन चालवितो व मूळ जागी परततो.

उनोवर असे बाह्य इंटरप्ट दोनच, पिन २ व पिन ३ वर. इतर पिनांवर ‘पिन चेंज’ इंटरप्ट मिळतो, पण तो गटाचा असतो. गटातली कोणती पिन हलली हे आपणच शोधायचे. एका मापकासाठी त्याच्या वाटेला जाऊ नये.

स्विचचे एक टोक पिन २ ला व दुसरे ग्राउंडला जोडावे. पिनला ‘इनपुट पुलअप’ द्यावे, म्हणजे स्विच उघडा असताना पिनवर ५ व्होल्ट राहतात आणि मिटताच शून्य होतात. म्हणून ‘अटॅच इंटरप्ट’मध्ये ‘फॉलिंग’ लिहावे. ‘चेंज’ लिहिल्यास मिटताना एक व उघडताना एक अशी मोजणी होईल, पाऊस दुप्पट! फंक्शनमध्ये मोजणीत एक मिळवावा, बस्स. संदेश, छपाई, डिले तेथे ठेवू नये. त्या वेळी इतर इंटरप्ट बंद असल्याने ‘मिलिस’चे घड्याळ पुढे सरकत नाही व डिले नीट चालत नाही.

आता खरी गोम. स्विचच्या पट्ट्या मिटताना थरथरतात आणि एका कलंडण्याचे दोन-तीन मोजले जातात. यासाठी आधीच्या मोजणीनंतर २०० मिलिसेकंदांच्या आत आलेली हाक सोडून द्यावी. मात्र ही युक्ती ठिबकच्या लहान प्रवाहमापकाला लावू नये. लिटरला सुमारे ४५० स्पंदने देणाऱ्या मापकातून मिनिटाला २० लिटर पाणी गेले तर सेकंदाला १५० स्पंदने येतात. २०० मिलिसेकंदांच्या चाळणीत ती जवळजवळ सगळी गळून जातील.

मोजणीचे चल ‘व्होलाटाईल’ घोषित करावे. नाहीतर कंपायलर जुनीच किंमत धरून बसू शकतो. शिवाय उनोची चिप ८ बिटची आहे. मोठा आकडा ती दोन तुकड्यांत वाचते. २५५ चे २५६ होत असताना नेमके दोन तुकड्यांच्या मधे इंटरप्ट आला तर ५११ वाचले जाऊ शकतात. म्हणजे ५१ मि.मी. पावसाचे १०२ मि.मी.! असे क्वचितच घडते, म्हणूनच ते शोधणे कठीण. उपाय सोपा : ‘नो इंटरप्ट्स’ म्हणून आकडा दुसऱ्या चलात उतरवून घ्यावा आणि लगेच ‘इंटरप्ट्स’ म्हणावे.

वायर लांब असेल तर मोटारच्या केबलला लागून नेऊ नये. स्टार्टर ओढताच वायरमध्ये झटका येतो व कोरड्या दिवशीही पाऊस नोंदला जातो. आतला पुलअप कमजोर असतो, बाहेरून ४.७ किलो-ओहमचा रोध पिन व ५ व्होल्ट यांच्यामध्ये, आणि ०.१ मायक्रोफॅरडचा कपॅसिटर पिन व ग्राउंड यांच्यामध्ये बसवावा.

बागेत लावण्यापूर्वी तपासणी करावी. मापकाच्या तोंडाचा व्यास २० सें.मी. असेल तर ०.२ मि.मी. म्हणजे सुमारे ६.२८ मि.लि. पाणी. बाटलीच्या झाकणाला बारीक छिद्र पाडून ६२८ मि.लि. पाणी सावकाश सोडावे. मोजणी १०० च्या आसपास यावयास हवी. दीडशे-दोनशे आली तर थरथर सुटलेली नाही. फार कमी आली तर पाणी घाईने सोडले का ते आधी पाहावे, मग प्रोग्रॅम उघडावा.