चौकटीत काय कुठे ठेवायचं



चामोर्शीत चंद्रपूर-गडचिरोलीचे चित्रकार, कलाशिक्षक आणि विद्यार्थी जमावेत आणि त्यांच्यापुढे बोलण्याचा मान मला मिळावा, याचा मनापासून आनंद आहे. सकाळपासून तरुण मंडळी एकच गोष्ट विचारताहेत : "सर, आपली स्वतःची शैली कशी तयार होते?" आज त्यावरच बोलतो.

शैली म्हणजे ओळखीची खूण, असं आपण धरून चाललो आहोत. म्हणून कुणी ठिपक्यांचा ध्यास घेतो, कुणी चाकूने रंग थापतो. माझ्या मते चित्रकार प्रथम दिसतो तो रचनेत : चौकटीत काय घेतलं, काय वगळलं, मोकळी जागा किती ठेवली.

डहाणूकडच्या गंजाडचे वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसे आठवा. त्रिकोणांची माणसं आणि मातीवरचा पांढरा रंग ही साऱ्या वारली समाजाची ठेव. लग्नात भिंतीवरचा चौक तर बायकाच लिहीत. 1970च्या दशकात चित्रकार भास्कर कुलकर्णी यांच्यामुळे ही चित्रं भिंतीवरून कागदावर आली. म्हशांनी त्या कागदावर मासे धरायचं जाळं अख्ख्या चौकटीभर पसरलं. बारीक रेघांची वीण कडेपर्यंत जाते आणि माणूस कुठेतरी एवढासा. चिन्हं समाजाची, ती मांडणी मात्र म्हशांची. आपल्या जिल्ह्यात शाळांच्या, कचेऱ्यांच्या भिंतींवर आपण वारली माणसं गोल फेर धरून नाचवतो, तेव्हा चिन्हं तेवढी उचलतो. म्हशांकडून शिकायचं ते राहूनच जातं. याचं मला वाईट वाटतं.

आता आपल्या वर्गात या. एलिमेंटरी चित्रकला परीक्षेच्या तयारीत स्मरणचित्राला 'आठवडी बाजार' विषय दिला, की मागे दोन डोंगर, मधून उगवता सूर्य, डावीकडे झाड, उजवीकडे झोपडी, पुढे तीन माणसं. गुण मिळतात, म्हणून आपणही तेच घोटून घेतो. पण चामोर्शीच्या बाजारात कुणाला असा सूर्य दिसला? पालाखाली मिरचीचा ढीग मांडून बसलेल्या बाईच्या जागी मुलाला बसवा. तिला बाजार दिसतो तो गुडघ्याएवढा : चपला, अनवाणी पाय, पिशव्यांचे तळ, सायकलचं चाक आणि अगदी जवळ तराजूचं पारडं. चौकटीच्या वरच्या कडेला माणसं कमरेशीच कापली जातील. कापू द्या. तो कागद त्या मुलाचा स्वतःचा होईल.

स्वतःची रचना सापडायला किती वेळ लागतो, ते चित्रकार सय्यद हैदर रझांकडे पाहा; तेही आपल्याला परके नाहीत. वडील जंगलखात्यात, बालपण मंडल्याच्या रानात, चित्रकलेचं शिक्षण आधी नागपुरात आणि मग मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये. 1948 साली काश्मीरमध्ये छायाचित्रकार आंरी कार्तिए-ब्रेसाँ यांनी त्यांची चित्रं पाहिली. गुण आहे, पण चित्रांत बांधणी नाही, चित्रकार सेझानची चित्रं बघा, असं त्यांनी सांगितलं. उमेदीतल्या चित्रकाराला हे झोंबू शकलं असतं. रझांनी ते मनावर घेतलं. 1950मध्ये ते पॅरिसला गेले. फ्रान्समधली घरं, गावं रंगवली, पुढे रंगाचे मोकळे फटकारे मारले. बिंदू त्यांच्या चित्रात ठाण मांडून बसला तो 1980च्या सुमारास. म्हणजे मधे तीस वर्षं गेली. आज प्रदर्शनांत पंचविशीतल्या मुलांच्या चित्रांत बिंदू दिसतो, तेव्हा त्या तीस वर्षांचं काय केलं, असं विचारावंसं वाटतं.

चित्रकार प्रभाकर बरवे यांनी पान, घड्याळ अशा साध्या वस्तू घेतल्या. दोन वस्तूंमधलं अंतरच त्यांच्या चित्रात बोलतं. त्यांचं 'कोरा कॅनव्हास' हे पुस्तक 1990 साली मराठीतच आलं. तुमच्या शाळेच्या ग्रंथालयात ते आहे का, उद्या जाऊन पाहा.

रचना शिकायला मार्कंड्याचं देऊळ इथून जवळच. वैनगंगा तिथे उत्तरेला वळते. देवळाच्या बाहेरच्या भिंतीपाशी सकाळी उभे राहा आणि पुन्हा उतरत्या उन्हात जा. मूर्तींच्या आडव्या ओळी नजरेला पुढे ओढत नेतात आणि भिंतीचे पुढे आलेले कोपरे तिला अडवतात. सावली सरकली की तीच भिंत वेगळी दिसते. कारागिरांनी उजेडाचाही हिशेब धरला असावा. रचनेचं एवढं मोठं पुस्तक दाराशी असताना आपण मुलांना तिथे न्यायचं ते शिवरात्रीच्या जत्रेतच का?

शिक्षकांना एक विनंती आहे. रंगाची पेटी उघडण्याआधी एकाच विषयाच्या दहा कच्च्या मांडण्या पत्त्याएवढ्या चौकटींत पेन्सिलीने करून घ्या. पहिल्या तीन-चार पाठ केलेल्याच निघतील. मग मूल अडेल, पेन्सिल चावेल, खिडकीबाहेर बघेल. त्या वेळी फळ्यावर काढून दाखवायचा मोह टाळा. सातवी-आठवी मांडणी येऊ द्या.

आणि संयोजकांना एवढंच सांगतो : पुढच्या प्रदर्शनात प्रत्येक चित्राशेजारी त्याच्या कच्च्या मांडण्याही लावा, खोडलेल्या रेघांसकट. माझ्या मी आणून देईन.