घुमट आणि गुणपत्रिका
(बाजवा येथील भाषणाचा सारांश)



खत कारखान्याच्या सान्निध्यात वाढलेल्या बाजव्यास यंत्रांची महती सांगावयास नको. श्रीमंत सयाजीराव महाराजांनी बडोद्यात १८९० साली कलाभवन स्थापिले; पहिले प्राचार्य त्रिभुवनदास गज्जर यांनी देशी भाषांतून तंत्रविद्या शिकविण्याचा आग्रह धरला.

पुणे जिल्ह्यातील पाबळ येथे डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. शाळा अर्ध्यावर सुटलेली मुलेही तेथे त्रिकोणी सांगाड्यांचे घुमट उभारावयास शिकली. घुमटाची रचनाच पाहा. दोन मीटर त्रिज्येच्या साध्या अर्धगोलास २६ सांधे व ६५ दांडे लागतात. पैकी ३५ दांडे सुमारे १२४ सेंटिमीटरचे, ३० दांडे सुमारे १०९ सेंटिमीटरचे. कापणाऱ्याने बोटभर चूक केली की जोडणाऱ्याचा त्रिकोण मिटत नाही, आणि दोष कोणाचा हे वादाने नव्हे, टेपने ठरते. म्हणून आराखडा काढणाऱ्याने स्वतः करवत धरावी, कापणाऱ्याने सांधा जोडून पाहावा.

आमच्या परीक्षेत मात्र शेजाऱ्यास विचारणे हा अपराध! मग गुण कसे द्यावेत, हा शिक्षकांचा प्रश्न रास्त आहे. माझ्या मते, निम्मे गुण उभ्या राहिलेल्या कामाचे, सर्वांस समान असावेत. उरलेले ज्याच्या त्याच्या नोंदवहीवरून द्यावेत. ग्रामपंचायतींनी शाळेची कोठी किंवा बसथांब्याचा निवारा अशी खरी कामे मुलांकडे सोपवावीत. साहित्याचा हिशेबही मुलांनीच लिहावा.