मान धरलेले मूल

जबलपूरच्या रिछाई औद्योगिक वसाहतीत एका बंद कारखान्यापुढे रविवारी सकाळी मोटार उभी आहे, आणि एक मराठी जोडपे दीड वर्षाच्या मुलीला घेऊन शिवनीमार्गे नागपूरला निघण्याच्या तयारीत आहे, असे दृश्य कल्पावे. मागच्या बाकावर मुलीचे आसन आहे. त्यात तिचे तोंड गाडीच्या मागच्या काचेकडे होते. आजी म्हणतात, “अरे, पोरीला अशी पाठमोरी कशाला बसवतोस? दे माझ्या मांडीवर.”

मांडीची ऊब आसनाला नाही, हे खरेच. परंतु ताशी 50 किलोमीटर वेगाने जाणारी गाडी आदळून अर्ध्या मीटरात थांबली, तर दहा किलोंचे मूल धरून ठेवण्यास दोनशे किलोंच्या घरातला जोर लागतो. तो कोणत्या आजीच्या हातात असणार? शिवाय लहान मुलाचे डोके देहाच्या मानाने जड आणि मान कोवळी. पुढे तोंड असेल, तर पट्टे धड अडवतात आणि डोके पुढे फेकले जाते. पाठमोऱ्या मुलाचे डोके, मान व पाठ यांना आसनाची पाठ एकदमच झेलते. स्वीडनच्या बर्टिल आल्डमन यांना हे अंतराळवीरांच्या आसनावरून सुचले आणि 1964 साली त्यांच्या आसनाची मोटारीत चाचणी झाली.

भारतात 2019 च्या दुरुस्तीने चौदा वर्षांखालील मुलाला सुरक्षापट्ट्याविना वा योग्य आसनाविना नेल्यास 1000 रुपये दंड ठरला. आसन किती कलते असावे, हे मात्र कायद्याचे कलम सांगत नाही. ते आसनाबरोबर आलेली पुस्तिका सांगते, आणि ती बहुधा खोक्यातच राहते.

मराठीत ‘मूल मान धरू लागले’ असे म्हणतात. आसनाच्या कोनाचे सारे मर्म या बोलीत आहे. मान न धरलेले अर्भक फार ताठ बसवले, तर झोपेत त्याची हनुवटी छातीवर टेकते आणि श्वासाची वाट आवळते. रडून सांगण्याचीही त्याला सोय उरत नाही. म्हणून त्याचे आसन उभ्या रेषेपासून सुमारे 45 अंश कलते ठेवतात. याहून आडवे केले, तर समोरून धडक बसताच मूल पाठीवरून डोक्याच्या दिशेने वर सरकते. मान धरलेल्या मुलाला मात्र, पुस्तिकेची मुभा असेल तर, सुमारे 30 अंशांपर्यंत ताठ बसवता येते, आणि तसे बसवणेच हिताचे. मदनमहालच्या टेकडीवरील तोललेली शिळा 1997 च्या भूकंपातही ढळली नाही, याचे जबलपूरकरांना कौतुक आहे. मानेचा तोल असा उपजत नसतो, तो महिन्यामहिन्यांनी येतो. या मुलीचे आसन जन्मानंतर बसवले तेव्हाच्याच कोनात राहिले होते.

मोटारीच्या बाकाला पाठीकडे उतार असतो. त्यामुळे पाठमोऱ्या आसनाची डोक्याकडील बाजू उचलली जाऊन ते अपेक्षेहून ताठ होते. तो उतार भरून काढण्यास काही आसनांना खाली फिरवायचा पाया असतो. काहींत बाकाच्या खाचेत घट्ट गुंडाळलेला टॉवेल चालतो, पण तोही पुस्तिकेने परवानगी दिली असेल तरच. आसनाच्या कडेला एक रेघ किंवा बुडबुड्याची नळी असते. रेघ जमिनीशी समांतर आली, की कोन जुळला. तथापि जमीनच उतरती असेल, तर ही खूण फसवते.

येथेही तसेच झाले होते. कारखान्यापुढची फरशी नालीकडे उतरत होती. मुलीच्या आईने गाडी सपाट रस्त्यावर घ्यायला लावली. रेघ पाहिली, खाचेतला जुना टॉवेल ओढून काढला आणि पट्टा पुन्हा आवळला. पट्टा जेथून जातो तेथे आसन धरून हलवले. ते बोटभरही सरकले नाही. पुढच्या आसनावर मात्र ते बसवायचे नाही, कारण तेथील हवेची पिशवी फुटून पाठमोऱ्या आसनावरच आदळते.

“आता बसली बघ नीट,” आजी म्हणाल्या, आणि नातीच्या शेजारची जागा त्यांनी स्वतःकडे घेतली.