अंगठा आणि रेंज
(शहादा येथील महिला मेळाव्यातील भाषण)

मैत्रिणींनो, देशातलं पहिलं आधार आपल्याच शहादा तालुक्यात, टेंभलीत दिलं गेलं. तारीख २९ सप्टेंबर २०१०. पंतप्रधान मनमोहन सिंग आले होते आणि पहिला नंबर मिळाला रंजना सोनवणे यांना. एका बाईला! मला तेव्हा बरंच वाटलं. जिच्या नावावर ना घर ना सातबारा, तिला निदान स्वतःचा नंबर तरी मिळाला.

पण रेशनच्या दुकानात काय होतं? मिरची खुडून, भांडी घासून ज्या बोटांच्या रेषा झिजल्या, त्या मशीनला ओळखू येत नाहीत. धडगावकडच्या किती पाड्यांवर रेंज धड येते? २०२४ मध्ये आलेल्या ‘लाडकी बहीण’चे दीड हजारही आधार जोडलेल्या खात्यात जातात. ते खातं कोणतं, हे कित्येक बहिणींनाच माहीत नसतं. मोबाईल नवऱ्याच्या खिशात, ओटीपीही त्याच्याच हाती.

सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये आधार वैध ठरवलं, पण ठसा जुळला नाही म्हणून हक्काचा लाभ नाकारू नये, हेही त्याच निकालात आहे. तेव्हा ‘मशीन घेत नाही’ म्हटलं की परत फिरू नका. दुसरं ओळखपत्र दाखवा. नाहीच दिलं, तर तहसीलमध्ये अर्ज करा आणि पोच घ्या. एकटीने मात्र जाऊ नका.